रेंज आहे, खोली नाही

कोकणातलं जुनं कौलारू घर आठवा. पुढे खळं, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. मधल्या भिंती बऱ्याच घरांत आढ्यापर्यंत पोचलेल्या नसतात. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये हात-दीड हात मोकळी जागा असते. घर हवेशीर राहावं म्हणून केलेली ती सोय, पण हवा जाते त्याच वाटेनं आवाजही जातो. चुलीपाशी पुटपुटलेलं ओटीवरच्या सासऱ्याला ऐकू येतं आणि ओटीवरचा खोकला माजघरात निजलेल्या मुलाला. आता अशा घरातल्या बाईला सांगा, ‘शनिवारी अकरा वाजता समुपदेशकांचा फोन येईल, पाऊण तास मोकळा ठेवा, शांत, एकांताची जागा बघून बसा.’ ती कुठे बसणार?

ती आंब्याच्या कलमांत जाते. फोन कानाला, दुसऱ्या हातात कोयती, म्हणजे कोणी पाहिलं तर कामाला आल्यासारखं दिसावं. पाच-सात मिनिटं होतात न होतात तोच वरच्या वाडीतली कोणीतरी वाटेवर थांबते : ‘इतको वेळ कोणावांगडा बोलतस गो?’ पलीकडे समुपदेशकाला एवढंच ऐकू येतं, ‘हो, हो... बरं... मग करते हां.’ बोलणं तिथेच तुटतं. वहीत नोंद होते, ‘तांत्रिक अडचण’. पुढच्या शनिवारी ती फोन उचलत नाही, मग दुसरी नोंद, ‘प्रतिसाद नाही’. दोन्ही नोंदी चूक. तंत्र ठीक होतं आणि प्रतिसादही होता. दार बंद करून बसायला जागा नव्हती.

ऑनलाइन समुपदेशनाचा विषय कोकणात निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात : इथे रेंज नाही, आणि आपली माणसं लाजतात. दोन्हींत तथ्य आहे, पण या दोन वाक्यांआड खरी अडचण झाकली जाते. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतच्या गावांत ताणाखाली असलेल्या आई-बापांना आणि एकूणच मोठ्या माणसांना फोनवरून मदत पोचवायची असेल, तर आणखी एक ॲप काढण्याआधी प्रत्येक गावात आवाज बाहेर न जाणारी एक खोली करा, असं आमचं सरळ म्हणणं आहे. बाकी बहुतेक गोष्टी आधीच आहेत.

काय आहे ते पाहू. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस सेवा चालू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि साध्या बटणांच्या फोनवरूनही लागते. फोन लावला की भाषा निवडायची, मराठी निवडता येते, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलायला येतो. मामला गंभीर वाटला तर तो फोन वरच्या टप्प्यावर, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे जोडून देतो. गावच्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बसतात आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन वैद्यकीय सेवेवरून डॉक्टरांशी गाठ घालून देतात. अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी इथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, त्यांतलं एक रत्नागिरीत. मात्र त्याची ओळख गावोगाव अशी बसली आहे, की ‘रत्नागिरीला न्यायला हवं’ हे वाक्य मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत टिंगल म्हणूनच उच्चारलं जातं. झोप उडालेल्या आईनं त्या आवारात पाय ठेवावा, ही अपेक्षा करणंच मुळात अवघड. शिवाय मंडणगडाहून रत्नागिरी शंभर किलोमीटरपेक्षा लांब. पहिल्या एसटीनं निघायचं आणि वस्तीच्या गाडीनं परतायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली, आणि ‘कुठे गेली होतीस’ याचं उत्तर तयार ठेवायचं ते वेगळंच.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं होतं. हे अंतर गाडीनं कापता येणार नाही. फोनवर बऱ्यापैकी कापता येईल.

रेंजचं म्हणाल तर समुपदेशनाला व्हिडिओ लागतोच असं नाही, आणि हे मान्य केलं की निम्मा प्रश्न सुटतो. शहरातल्या सेवा व्हिडिओचा आग्रह धरतात, कारण त्यांचा ग्राहक वायफायवर बसलेला असतो. खाडीच्या काठाला किंवा दरीतल्या वाडीत व्हिडिओ दर दोन मिनिटांनी गोठतो. रडता रडता चेहरा पडद्यावर अडकून राहिलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. साधा आवाजी कॉल मात्र एक-दोन काड्यांवरही तग धरतो. उलट चेहरा दिसत नसला की काही माणसं, विशेषतः पुरुष, जास्त बोलतात. फक्त पलीकडच्याला आवाजाची सवय हवी : श्वास कुठे लांबला, वाक्य कुठे अर्धं सोडलं, ‘ठीक आहे’ किती लवकर आलं. पावसाळ्यातली गोष्ट निराळी. वादळवाऱ्यात लाईट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते आणि सड्यावर चढूनही उपयोग नसतो. म्हणून पहिल्याच फोनवर ठरवून घ्यायचं : कॉल तुटला तर पुन्हा कोण लावणार (नेहमी समुपदेशकानंच लावावा), किती मिनिटं वाट पाहायची (दहा पुरेत), आणि नाहीच लागला तर पुढची वेळ कोणती. एवढं न ठरवल्यामुळे किती बोलणी अर्ध्यावर सुटतात आणि मग ‘त्यांनी मुद्दाम फोन ठेवला’ असा समज होतो.

पहिल्या फोनवर आणखी तीन गोष्टी विचारायलाच हव्यात. आत्ता तुम्ही नेमक्या कुठे आहात, म्हणजे गाव, वाडी, घराची खूण. हे पत्त्यासाठी नसतं. बोलता बोलता कोणी जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत आलं, तर मदत कुठे पाठवायची ते माहीत असावं म्हणून. दुसरं, अशा वेळी फोन करावा असं विश्वासाचं माणूस कोण. तिसरं, आजूबाजूला कोणी आलं तर काय बोलायचं. इथे एखादा सांकेतिक शब्द ठरवावा. ‘काजूगराचा भाव काय चाललाय?’ असं पलीकडून आलं, की समुपदेशकानं समजायचं, आता फक्त हो-नाही उत्तर देता येतील असेच प्रश्न विचारायचे. युक्ती साधी आहे, पण भिंती अपुऱ्या असलेल्या घरात ती औषधाइतकी उपयोगी पडते.

आता लाजेचा मुद्दा. ‘आमच्याकडे गजालीक माणसां काय कमी आसत?’ असं मालवणीत कोणी विचारलं तर ते खोटं नाही. कोकणी माणूस बोलघेवडा. पण गजाल, म्हणजे गप्पागोष्टी, आणि मनातलं सांगणं यांत फरक आहे, आणि तो फरक गावाला पक्का ठाऊक असतो. सकाळी पडवीत निघालेली गोष्ट संध्याकाळी तिठ्यावर पोचलेली असते. देवळात गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात, तेही मोठ्यानं, चारचौघांत. त्याचा आधार आम्ही कमी लेखत नाही. दुःख शब्दांत मांडून कोणापुढे तरी ठेवणं ही मोठीच गोष्ट आहे, आणि ‘आधी ते देवाचं सोडा’ असं सांगणारा समुपदेशक पहिल्याच फोनमध्ये माणूस गमावतो. पण ‘काल मी पोराला पट्ट्यानं मारलं आणि नंतर मोरीत जाऊन रडले’ हे गाऱ्हाण्यात घालता येत नाही. त्यासाठी ओळख नसलेला कान लागतो. फोनचं खरं बळ इथे आहे : ऐकणारी व्यक्ती गावातली नाही, उद्या बाजारात भेटणार नाही, कोणाची नणंद-भावजय नाही. लाज ही बहुतेक वेळा आपल्या ओळखीच्या माणसांची असते. ती गेली की माणसं आश्चर्य वाटावं इतकी भराभर बोलतात. फक्त ओळखीच्या माणसानं ते ऐकता कामा नये, आणि म्हणून पुन्हा तीच खोली.

समुपदेशनात नुसता सल्ला मिळतो अशी समजूत आहे, आणि सल्ल्याला कोकणात तोटा नाही, म्हणून अनेकांना ते फुकाचं वाटतं. प्रत्यक्षात चांगलं काम कसं चालतं ते एका उदाहरणानं पाहू, दहावीच्या पोराच्या आईचं. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. ‘कोकण पुन्हा अव्वल’ हा मथळा ज्या घरात पंचावन्न टक्क्यांची आशा आहे, तिथे कसा वाचला जातो याचा विचार मथळा देणाऱ्यांनी कधी केला असेलसं वाटत नाही. नवरा मुंबईला किंवा बोटीवर. त्याचा फोन येतो, त्यात पहिला प्रश्न, ‘अभ्यास करतो का?’ उत्तराची जबाबदारी तिची.

ती फोन करते तेव्हा म्हणते, ‘मुलगा मोबाईल सोडत नाही, त्याला जरा समजवा.’ कच्चा समुपदेशक लगेच मुलाला फोनवर बोलावतो. मुलाला कळतं, की आपली तक्रार झाली, आणि तो घट्ट मिटतो. जाणकार आधी आईशीच काम करतो. तिला सात दिवस तीन गोष्टी लिहायला सांगतो, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूलाही चालेल : भांडणाच्या आधी काय झालं, भांडणात कोण काय बोललं, नंतर काय झालं. आठवडाभरानं बहुधा दिसतं, की भांडण दिवसभर नसतं. ते ठरावीक वेळी होतं. समजा साडेसात ते साडेआठ. त्या तासात ती गोठ्यातून आलेली असते, सासऱ्यांचं औषध राहिलेलं असतं, आणि मुंबईचा फोन यायची वेळ झालेली असते. ‘मुलगा वाईट’ हा प्रश्न मग ‘हा एक तास वाईट’ एवढा लहान होतो. लहान प्रश्नाला हात घालता येतो.

पुढच्या पायऱ्याही तितक्याच बारीक. स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही. जवळ जायचं, नाव घ्यायचं, एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही सात-आठ शब्दांत. सांगून झालं की मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. मधे बोललं, की पहिली सूचना पुसली जाते. ऐकलं तर तिथल्या तिथे दखल घ्यायची, ‘लगेच उठलास, बरं केलंस’. दिवसातली दहा मिनिटं त्याच्यासोबत त्याला आवडेल ते करायचं, त्यात उपदेश नाही, अभ्यासाचा विषय नाही, क्रिकेटचा स्कोअरसुद्धा चालेल. कुरकुर, पाय आपटणं यांच्याकडे काणाडोळा. मारहाण, वस्तू फेकणं यांच्याकडे मात्र नाही.

हे सगळं नेमकं कुठे फसतं तेही सांगायला हवं, कारण ते कोणी सांगत नाही. कुरकुरीकडे दुर्लक्ष सुरू केलं, की पहिले काही दिवस कुरकुर वाढते. इतकी वर्षं आवाज चढवला की आई हलायची, आता हलत नाही, म्हणून मूल आवाज आणखी चढवतं. आई-बाप नेमके इथेच थांबतात आणि म्हणतात, ‘फोनवाल्या बाईंनी सांगितलं तसं केलं, उलट बिघडलं.’ खरं तर तेव्हाच टिकून राहायचं असतं. हे आधी सांगून ठेवलेलं असेल आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दोन मिनिटांचा फोन ठरलेला असेल, तर घर तग धरतं. आठवड्यातून एकदाच पाऊण तास देणाऱ्या महागड्या सेवा हा मधला दोन मिनिटांचा फोन देत नाहीत. आमच्या मते तोच सगळ्यांत मोलाचा.

आईची स्वतःची तपासणी राहून जाते, ही दुसरी चूक. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी आहे : मागच्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप, भूक, थकवा, लक्ष लागणं असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासणी हवी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा, आणि तिथे शून्याहून वेगळं उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, थांबून विचारायचंच. फोनवर ही यादी वाचायला सात-आठ मिनिटं लागतात. पण ती पुस्तकी मराठीत वाचली की फसते. ‘आपणास निराश वाटते का?’ या प्रश्नाला सिंधुदुर्गातली बाई ‘नाय’ म्हणेल आणि पुढच्याच वाक्यात सांगेल, ‘माका कायच बरा वाटणा नाय, जीव नकोसो झालो हा.’ इथे दुःख शरीराच्या भाषेत बोलतं : धडधड, पित्त, अंगात कणकण, डोकं जड. मालवणी, संगमेश्वरी, बाणकोटी, आगरी कानाला ओळखीच्या असलेली माणसं फोनवर हवीत. राज्याच्या केंद्रातून बोलणाऱ्याला किमान पन्नास-साठ असे शब्द तरी माहीत करून द्यावेत.

मोठ्या माणसांच्या ताणात कोकणाचा एक खास प्रकार आहे, आणि त्याला ऑनलाइनच उत्तर आहे. चाकरमानी मुलगा डोंबिवलीला, आई-वडील देवगडात. मुलाला अपराधी वाटतं, वडिलांना उपेक्षित, आई दोघांच्या मध्ये निरोप पोचवते आणि प्रत्येक निरोप थोडा गोड करून सांगते. गणपतीत पाच-सात दिवस सगळे एकत्र येतात, तेव्हा कोणी काही काढत नाही. विसर्जन झालं, गाड्या गेल्या, की आठवडाभर घर खायला उठतं. अशा कुटुंबाला तिघांचा एकत्र फोन लावून देता येतो, जे एरवी कुठल्याही दवाखान्यात शक्य नाही. नियम मात्र काटेकोर हवेत. एका वेळी एकच बोलेल, बोलून झालं की ‘झालं’ म्हणेल. फोनवर आवाज किंचित उशिरा पोचतो, म्हणून दोघं एकदम बोलतात आणि मुलगा आपलं बोलणं तोडतो असा वडिलांचा ग्रह होतो. पहिल्या बैठकीत जमीन, वाटण्या, घराच्या दुरुस्तीचा खर्च हे विषय काढायचे नाहीत. औषध कोण आणणार, रात्री फोन किती वाजता, पुढची खेप कधी, एवढंच ठरवायचं.

वेळापत्रकही इथल्या ऋतूंवर बसवायला हवं. मार्च ते मे आंब्याच्या हंगामात बागायतदार घरी सापडत नाही, आणि नेमका तेव्हाच तो सगळ्यांत जास्त ताणात असतो : मोहोर गळला, फवारण्यांचा खर्च वाढला, पेटीचा भाव पडला. त्याला रात्री नऊनंतरची वेळ द्या. अशा घरात फवारणीची औषधं कुलपात ठेवायची आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, हे सांगायला कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. वाईट क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानं जीव वाचतो. मच्छीमारांचं उलट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, खलाशी आणि तांडेल (बोटीचे प्रमुख) घरी असतात, हातात पैसा नसतो, कर्जाचे हप्ते असतात आणि बऱ्याच घरांत दारू वाढते. पुरुषांशी बोलायला एरवी न मिळणारा काळ हाच. पण रोज भरपूर पिणाऱ्यानं शपथ घेऊन एकदम दारू सोडली, तर दोन-तीन दिवसांत थरथर, झटके, भ्रम होऊ शकतात. त्याला फोन पुरत नाही, दवाखानाच लागतो. सासुरवाडीच्या लोकांनी देवळात शपथ घालण्याआधी हे लक्षात घ्यावं.

फोनवर न सोडवण्याच्या गोष्टी आणखीही आहेत. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येणं, बाळंतपणानंतरच्या दिवसांत आईची झोप पूर्ण उडून ती असंबद्ध बोलू लागणं, जिवाला धोका : इथे १०८ किंवा ११२ आणि जवळचं रुग्णालय. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं बोलण्यात आलं, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे समुपदेशकाला ते कळवावंच लागतं. गुप्ततेची ही मर्यादा पहिल्या पाच मिनिटांत सांगितली पाहिजे. नंतर सांगितली तर तो विश्वासघात वाटतो, आणि वाटणं योग्यच आहे.

खासगी ॲपांविषयी थोडक्यात. ‘समुपदेशक’ ही पाटी आज जवळजवळ कोणीही लावू शकतो. औषध लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. बाकीच्यांत मानसशास्त्राचे पदवीधर आहेत, समाजकार्याचे आहेत, आणि शनिवार-रविवारच्या शिबिरातून निघालेले ‘लाइफ कोच’ही आहेत. पैसे भरण्याआधी विचारा : शिक्षण आणि नोंदणी क्रमांक काय, तुमच्या कामावर देखरेख कोणाची, रात्री दोन वाजता मला सुचेनासं झालं तर मी कोणाला फोन करायचा. तिसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे जाऊ नये. दहा सत्रांचं पॅकेज आगाऊ घेऊ नये, दोन-तीन सत्रांत सूर जुळला नाही तर पैसे अडकतात. आणि ॲपमध्ये लिहिलेली प्रत्येक ओळ कुठेतरी साठते. अमेरिकेतल्या एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीनं ग्राहकांची माहिती जाहिरातदारांना दिली, म्हणून २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिला आहे, २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदाही झाला. पण घरात एकच फोन सगळे वापरत असतील, तर कायद्याच्या आधी मुलानं उघडलेला व्हॉट्सॲप आडवा येतो. म्हणून लेखी चॅटपेक्षा बोलणं बरं, आणि बोलून झालं की कॉलची नोंद पुसायची.

आता खोली. आठ बाय दहा फूट पुरते. जागा गावात असते : उपकेंद्रातली, शाळेतली, ग्रामपंचायतीतली, पण सगळ्यांत चांगली वाचनालयातली. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं. कोकणात वाचनालयात जाणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही, आणि ही दोनशे वर्षांची सवय वाया घालवू नये. वर नुसता पत्रा असेल तर ती खोली जून ते सप्टेंबर निरुपयोगी, कारण पत्र्यावरच्या पावसात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. पत्राच असेल तर खाली छत मारून घ्यावं. भिंत वरपर्यंत बांधून काढावी, चार ओळी चिरे किंवा प्लायवूडसुद्धा चालतं. दाराखालच्या फटीला काथ्याचं जाड पायपुसणं. बाहेर एक पंखा चालू ठेवावा, त्याच्या घरघरीत आतलं बोलणं विरतं. आत खुर्ची भिंतीला पाठ आणि दाराकडे तोंड अशी, म्हणजे मागून कोणी येईल ही धाकधूक राहत नाही. तारेचा इअरफोन, दोन-तीनशे रुपयांचा, कारण स्पीकरवर पलीकडचा आवाज बाहेर जातो आणि ब्लूटूथ ऐनवेळी उतरतं. समोर भिंतीवर घड्याळ, पाण्याचा तांब्या, इन्व्हर्टरचा एक पॉइंट, ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं असेल तर तिथली जोडणी.

पाटी ‘मानसिक आरोग्य कक्ष’ अशी मुळीच नको. ‘फोन खोली’ पुरे. आणि ती फक्त समुपदेशनासाठी राखून ठेवू नका. ई-संजीवनीचा डॉक्टर, बँकेची व्हिडिओ केवायसी, वकिलाचा सल्ला, मुलाची ऑनलाइन मुलाखत, सगळं तिथेच होऊ द्या. दहा कारणांनी माणसं त्या दारातून आत जात असली, की अकराव्या कारणानं गेलेली बाई कोणाच्या नजरेत भरत नाही.

खर्चाचा आक्षेप येईल. इमारत नवी नाही, काम आठवड्याभराचं, आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा दरवर्षी होतोच, त्यात ही बाब बसते. अवघड भाग वेगळाच आहे, किल्लीचा. ती सरपंचाकडे ठेवली तर खोली वर्षभरात पक्षाच्या बैठकांची होईल. ग्रंथपालाकडे ठेवली तर तो संध्याकाळी पाचला कुलूप लावून जाईल, आणि बागायतदाराला रात्री नऊची वेळ हवी. आशाताईंकडे दिली तर त्या विश्वासू असतात, पण त्याही याच गावच्या सूनबाई. म्हणून दोन किल्ल्या : एक आशाताईंकडे, दुसरी आठवड्यागणिक बचत गटातल्या वेगळ्या बाईकडे. आत कोण काय बोललं याच्याशी दोघींचा संबंध नाही, त्यांचं काम दार उघडण्यापुरतं. टेबलावर एक वही. तिच्यात नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही, कारण लिहायचं नाही. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ.